लँडमास्टरचे पॉइंट

वाहेदभाईंनी हातातला पाना टाकला तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. बॅटरीच्या टोकावर निळी ठिणगी उडाली, बॉनेटच्या आत कुठंतरी बारीकसं 'चट्' झालं आणि जळल्याचा वास आला न आला इतका आला. त्यांनी वायर ओढून काढली आणि मडगार्डावर हात टेकून तिथंच उभे राहिले. ज्या हातांनी उभा जन्म ही गाडी सांभाळली, त्याच हातांनी आज, ऐन लग्नाच्या सकाळी, माती खाल्ली होती.

गाडी जुनी लँडमास्टर, गोल पाठीची, मलईच्या रंगाची. धामणगाव रेल्वेच्या आसपासच्या निम्म्या नवरदेवांची वरात तिच्यातून निघालेली. त्या जमान्याच्या गाड्यांची एक खोड असते. बाकी दुनियेत बॅटरीचा मायनस गाडीच्या बॉडीला जोडतात, यांच्यात प्लस. वाहेदभाईंच्या बोटांना तेवढंच ठाऊक. पण मागच्या आठवड्यात त्यांनी गाडीचे पॉइंट, म्हणजे इंजिनाची ठिणगी पाडणारे जुने पत्रे, काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं होतं, आणि त्या नव्या किटला बॉडीला मायनसच लागत होता. म्हणून त्यांनी बॅटरी फिरवून लावली, गाडी चालवून पाहिली, खूश झाले. काल ती बॅटरी चार्जिंगला काढली. आज बसवताना डोकं लग्नात होतं आणि हात आपल्या जुन्या वाटेनं गेले.

त्यांनी वायरी नीट लावल्या, बिस्मिल्लाह म्हणून चावी फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. पण त्यानं काहीच सिद्ध होत नव्हतं. पॉइंट असते तर टोपण उघडून पाहता आलं असतं. जळलेत? घासा. पोस्टकार्डाच्या जाडीचं अंतर ठेवा आणि चला पुढं. या किटमध्ये पाहण्यासारखं काही नव्हतंच. काळी, बंद, सुपारीएवढी डबी. आतून धडधाकट आहे की अर्धमेली, ते तिचं तिला ठाऊक.

अकोल्याला शाहनवाजला फोन लावला. शाहनवाज गाड्यांच्या पार्टचा व्यापारी, किट त्याच्याकडूनच आणलेलं. तो म्हणाला, चालू झाली ना चाचा, मग वाचली म्हणायची. पण झटका आत बसला असेल तर गरम झाल्यावर दगा देईल. आज एवढंच करा, चालू आहे तोवर चालूच ठेवा, मध्ये बंद करू नका. जुने पॉइंट परत बसवावे म्हटलं, तर त्यांची प्लेट शाहनवाजच्याच दुकानात पडलेली. कुलसुमबी दारातून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, शेजारची सुमो न्या आणि मोकळे व्हा, नवरा-नवरीला काय चार चाकं मिळाल्याशी मतलब. एरवी बायकोचं ऐकण्यात शहाणपण असतं हे वाहेदभाईंना कळत होतं. पण नत्थुजींना हीच गाडी हवी होती.

शिरजापूरच्या नत्थुजींच्या मुलाचं, भास्करचं, लग्न याच गाडीतून झालेलं. नवरी रुख्मिणीला घेऊन वरात गावात शिरली आणि मारुतीच्या पारासमोर गाडी बंद पडली. वाहेदभाई बॉनेटमध्ये मान घालून ओरडून सांगत होते, पॉइंट गेले, पॉइंट, जरा दम धरा. लोक हसले. थोड्या वेळात गाडी सुरूही झाली. पण त्या साली कपाशी हातची गेली, आणि पुढच्या मृगाआधी भास्करनं शेतात फवारणीचं औषध घेतलं. त्या वर्षांत वऱ्हाडातलं कोणतं गाव यातून सुटलं होतं? तरी शिरजापूरला कारण हवं होतं, आणि कारण हाताशीच होतं. नवरीच्या पायगुणानं गाडी अडली होती, नाही का? कापसाचा भाव निर्दोष सुटला, पाऊस सुटला, बोंडअळीसुद्धा सुटली, सापडली ती विशीतली पोरगी. रुख्मिणी पांढऱ्या पायाची ठरली आणि लँडमास्टर पनवती.

आता नत्थुजी त्याच सुनेचं दुसरं लग्न लावून देत होते, मोझरीच्या एका कंपाउंडराशी. विधवेचा पाट त्या गावात रात्री लागायचा, ना वाजा ना दिवा. ती मागच्या दारानं निघायची आणि सवाशिणींना तिचं तोंड दिसू नये म्हणून घरोघर दारं लागायची. नत्थुजींचं आयुष्य तुकडोजी महाराजांच्या भजनांत गेलेलं. ते गॅरेजात येऊन बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "पोरीले मी दिवसा धाडतो, वाहेदभाई. आन तुह्याच गाडीत. बंद पडली होती ना, थेच पायजे." म्हातारा मग हलायलाच तयार नाही.

म्हणून तर पॉइंट काढले होते. त्या पारासमोर पुन्हा गाडी बंद पडू नये, पोरीला पुन्हा ते ऐकावं लागू नये, एवढ्यासाठी. पण खरं सांगायचं तर वाहेदभाईंच्या मनातही किडा शिरला होता. सारखं कानावर पडत राहिलं की शहाणा माणूसही दगडाला शेंदूर फासतो. आता बंद पडली तर दोष द्यायला पॉइंटही नाहीत, या विचारानं सकाळपासून त्यांचा पिच्छा पुरवला होता.

शिरजापूरला पोचेपर्यंत त्यांचा सदरा पाठीला चिकटला. नत्थुजींच्या अंगणातही त्यांनी इंजिन चालूच ठेवलं. चहा आला तो स्टिअरिंगवर बसूनच प्यायले. कुणी म्हणालं, पेट्रोल काहून जाळून राहिले जी, तर ते नुसतं हसले. कान मात्र इंजिनाकडे. एक ठोका जरी चुकल्यासारखा वाटला तरी त्यांचा स्वतःचा ठोका चुकत होता.

रुख्मिणी हिरव्या लुगड्यात मागच्या सीटवर बसली, शेजारी नत्थुजी. नवरदेव रिवाजाप्रमाणे शिवेबाहेर, फाट्यावर थांबला होता. गाडी गल्लीतून निघाली आणि दोन्ही बाजूंची दारं लागत गेली. भर दुपारी. कड्या घातल्याचे आवाज इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू येत होते. रुख्मिणीनं पदर पुढं ओढला नाही. वाहेदभाईंना आरशात तिचा चेहरा दिसला आणि त्यांना त्या सगळ्या दारांचा संताप आला.

पारासमोर रस्त्यातच माणसं उभी होती, गाडी थांबवावीच लागली. नत्थुजींना मारुतीला नारळ फोडायचा होता, ते खाली उतरून फोडून आले आणि परत बसले. इंजिन धडधडतच होतं. माजी सरपंच उत्तमराव पारावरून म्हणाले, "देवापुढं तरी बंद कर ना वाहेदभाई. का नवरीले भेते तुही गाडी?" पार हसला. वाहेदभाईंनी गिअर टाकला.

"चाचा," मागून रुख्मिणी म्हणाली, "बंद करा."

त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. ती पुन्हा म्हणाली, बंद करा आणि सगळ्यांसमोर पुन्हा चालू करा. मग मात्र वाहेदभाईंना मान वळवावीच लागली. हळू आवाजात, चोरी पकडल्यासारखं, त्यांनी दोघांना सकाळची गोष्ट सांगितली. प्लस-मायनसची चूक, तो चट् आवाज, शाहनवाजची ताकीद. म्हणाले, बेटा, फाट्यापर्यंत अशीच नेतो, उगाच परीक्षा नको पाहू.

रुख्मिणी पुढच्या सीटवर हात ठेवून वाकली. "म्हंजे नाई चालू झाली तं तुमची चूक," ती म्हणाली. "माही नाही."

"तुही कशी व्हईन बेटा?"

"मंग करा बंद. भेऊन भेऊन मी लय दिवस काढले."

वाहेदभाईंनी नत्थुजींकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले होते, पण मान हलवली. वाहेदभाईंनी चावी बंद केली. इंजिन थांबलं आणि एवढ्या माणसांत एकदम शांत झालं. त्यांना वाटलं, एवढ्यात फिरवू नये, थोडं निवू द्यावं. मग वाटलं, जितका वेळ जाईल तितकी ही शांतता वाढेल. त्यांनी चावी फिरवली. स्टार्टर खुरखुरला, इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही नुसती खुरखुर.

पारावर कुणीतरी म्हणालं, "पाहा. मी म्हटलं नोयतं?" आणि माणसं गाडीकडे नाही, मागच्या काचेकडे पाहू लागली.

वाहेदभाई खाली उतरले. त्यांनी बॉनेट उघडलं आणि पाराकडे तोंड करून सांगितलं, "हे माह्या हातानं झालं. सकाळी बॅटरी उलटी लावली मी. नवं किट जाळून टाकलं. चूक माही हाय."

पार जरा बावचळला. पॉइंट, कंडेन्सर, किट यातलं काही गावाला कळत नव्हतं, पण माणसाची चूक लगेच कळत होती. उत्तमराव काठी टेकत उठले. गाडीजवळ आले, बॉनेटमध्ये डोकावले, तिथं त्यांना अर्थातच काही दिसलं नाही. मग वाहेदभाईंकडे पाहून त्यांनी विचारलं, "मंग तवाबी तूच का रे?"

तेव्हाचे पॉइंट वाहेदभाईंनी त्याच महिन्यात नवे टाकले होते. स्वतः घासून, स्वतः अंतर लावून. पॉइंट जळतात, कधी कधी तेवढंच असतं, त्यात कुणाचाच हात नसतो. ते त्यांनी तेव्हा याच जागी उभं राहून घसा फोडून सांगितलं होतं. आता 'हो' म्हटलं की संपलं, हे त्यांना समजत होतं. ज्याच्या हातानं दोनदा वरात अडली, त्याच्या गॅरेजात उद्या कोण येणार? आणि लँडमास्टरला तर कुणी फुलंही लावणार नाही.

"हो," ते म्हणाले. "तवाबी माहीच चूक. पॉइंट पाहाचे होते, मी आळस केला."

पाराला ते तिथल्या तिथं पटलं. खरं सांगितलं तेव्हा हसलेली माणसं खोट्याला मान डोलावू लागली. उत्तमरावांनी पहिली शिवी घातली, मग दुसऱ्यांना धीर आला. पोरीचा जन्म नासवला, असं तिला पांढऱ्या पायाची ठरवणारेच म्हणत होते. गल्लीतूनही एकेक जण काय झालं म्हणून बाहेर येऊ लागला. वाहेदभाई खाली मान घालून डिस्ट्रिब्युटरचं टोपण उगाचच पुसत राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कुणाला दिसायला नको होतं.

मागचं दार उघडून रुख्मिणी उतरली. ती त्यांच्याजवळ येऊन थांबली.

"चाचा, तवा मी गाडीतच होती," ती हळूच म्हणाली. "तुमी काय सांगून राहिले होते, थे मी आयकलं होतं."

"जाय बेटा," वाहेदभाई टोपणाकडेच पाहत म्हणाले. "फाट्यावर नवरदेव वाट पाहून राहिला."

तिनं त्यांच्या काळ्या हातांना हात लावून नमस्कार केला आणि नत्थुजींचा हात धरून चालू लागली. बाकीची गल्ली तिनं पायीच ओलांडली, भर उन्हात, डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरलेला. वाहेदभाईंना शिव्या घालण्यात गाव इतकं गुंतलं होतं की पुढची दारं लावायची राहूनच गेली.