टेलरकाकूंचा उजवा पाय

"दाब की जरा," शेजारच्या सीटवरून काका म्हणाले.

"दाबलंय," काकू म्हणाल्या.

"मग चढत का नाही?"

"ते मला काय विचारता? गाडीला विचारा."

पुलाचा अर्धा चढ अजून बाकी होता आणि गाडी पाय ओढत चालली होती. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवर ठेवलेला हात काही उचलला नाही. एक स्कूटरवाला बाजूने पुढे गेला आणि जाता जाता त्याने आत डोकावून पाहिलं. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकू म्हणजे गल्लीच्या टेलरकाकू. उसवलेलं शिवणं, सैल झालेलं आत घेणं, यात त्यांचं आयुष्य गेलं. काकांचं गेलं बस चालवण्यात. निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय दोन्ही रुसून बसले. तेव्हा काकू साठीत गाडी चालवायला शिकल्या. डावा गुडघा क्लच दाबायला राजी नव्हता, म्हणून गाडी घेतली ऑटोमॅटिक. काकांना व्यायामाच्या केंद्रात न्यायचं, हे निमित्त. खरं सांगायचं तर काकूंना त्या गाडीचं वेड लागलं होतं. त्यांच्या हातात आजवर दुसऱ्यांचेच कपडे आले होते. स्टीअरिंग तेवढं त्यांचं स्वतःचं होतं.

आणि आता महिनाभर गाडीने हे आरंभलं होतं. सपाट रस्त्यावर गुणी मुलीसारखी चालायची. चढ आला, कुणाला ओलांडायचं झालं, की ढिम्म.

संध्याकाळी मुलगा आला. तो तसा वाईट नव्हता, फक्त घाईत असायचा.

"आई, मिस्त्री दोनदा म्हणाला ना, गाडी ठणठणीत आहे म्हणून? मग काय ते तूच समज."

"काय समजू?"

"तू घाबरतेस. पाय पूर्ण दाबतच नाहीस. रविवारी माझा एक मित्र गाडी बघायला येतोय. विकून टाकू. बाबांना टॅक्सीने नेत जा."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका पंख्याकडे बघत होते. जन्मभर गाडी चालवलेला माणूस गप्प बसला, याचं काकूंना मुलाच्या बोलण्याहून जास्त लागलं.

पाय दाबत नाही म्हणे! शिलाई मशीनच्या पॅडलवर त्यांचा उजवा पाय म्हातारा झाला होता. कुठे हळू जायचं, कुठे मशीन पळवायचं, हे त्याला सांगावं लागत नसे. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्या पायाचा त्यांना पहिल्यांदाच संशय आला, आणि फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गॅरेजात गेल्या. तिथल्या मिस्त्रीला सगळे टापटीप म्हणत. त्याच्या गॅरेजची फरशी अशी, की खुशाल पाट मांडून जेवायला बसावं. गिऱ्हाइकाच्या गाडीत बसण्याआधी तो हात धुई, आतली पायपुसणी काढून झटकून भिंतीशी उभी करी आणि खाली कोरा कागद अंथरी. मगच चावी फिरवी. गिऱ्हाइकं त्याच्यावर यासाठीच खूश असत.

"काकू, एअर फिल्टर बदलला, प्लग साफ केले, गिअरबॉक्सचं तेल बघितलं, कॉम्प्युटर लावला," टापटीप म्हणाला. "परवा मी स्वतः पुलावर नेली. भुर्रकन गेली हो."

"मग आज मी चालवते. तुम्ही बाजूला बसा."

टापटीपने रीतीप्रमाणे पायपुसणी काढली, कागद अंथरला. काकू बसल्या. पुलाच्या पायथ्याशी त्यांनी पाय दाबला आणि गाडीने गुरगुरत अशी झेप घेतली, की टापटीपने वरची कडी धरली. बघता बघता चढ संपला.

काकूंना आनंद व्हायच्या ऐवजी रडूच आलं. गाडीत काही खोट नव्हती. म्हणजे मुलगा खरं बोलत होता.

"होतं असं, काकू," टापटीप समजुतीने म्हणाला. "मनात भीती बसली की पाय आपोआप हलका पडतो."

गॅरेजात परतल्यावर त्याने झटकलेली पायपुसणी जागच्या जागी बसवली आणि नमस्कार केला. काकू निघाल्या. कोपऱ्यावर मोठ्या रस्त्याला लागताना त्यांनी पाय दाबला. गाडी ढिम्म.

काकूंनी ती कडेला घेतली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. हाच पाय, हीच गाडी, मघाशी पळाली होती. मग पाय आत्ताच भीतीने हलका पडला असेल? भीती तर मघाशीही होतीच. मग त्या ताठ बसल्या आणि गाडी वळवून परत गॅरेजच्या दारात आणली.

"मिस्त्री, ट्रायलला बसलेला कोट घरी नेल्यावर घट्ट होतो, तेव्हा मी गिऱ्हाइकाला एकच विचारते. आतून काय घातलं होतं?"

"मला नाही कळलं, काकू."

"तुम्ही बसता तेव्हा गाडीतून काय काढता?"

टापटीपची नजर गाडीतल्या पायपुसण्यांकडे गेली. मग त्याने दार उघडलं, गुडघे टेकले आणि पॅडल हाताने दाबलं. ते अर्ध्यावर जाऊन पायपुसण्यावर टेकलं. रबरी पायपुसण्यावर आणखी एक होतं, जाड कोटाच्या कापडाचं, आत स्पंज भरलेलं, कडेने सुबक पट्टी लावलेलं.

"हे कुणी शिवलं हो?"

"मीच," काकू म्हणाल्या. "टाच सरकायची ना, म्हणून. झाला असेल महिना."

"शिलाई एक नंबर आहे," टापटीप म्हणाला. मग त्याने कपाळावर हात मारला. "आणि मी शहाणा, दर वेळी पहिलं हेच काढून ठेवतोय. ऑटोमॅटिक गाडी पायावरून ओळखते, काकू. पॅडल पार खाली गेलं की तिला कळतं, घाई आहे. मग ती खालचा गिअर घेऊन ताकद लावते. तुमचा पाय खालपर्यंत पोचतच नव्हता, तर तिला बिचारीला कळणार कसं? आणि पॅडल यात अडकून बसलं असतं, तर गाडी थांबता थांबली नसती. नशीब समजा."

काकूंच्या अंगावर काटा आला. पण त्या काट्याखालून हसू यायला लागलं, आणि ते काही केल्या थांबेना. टापटीपही हसायला लागला. दोघांच्या नीटनेटकेपणाने मिळून एका धडधाकट गाडीला आजारी पाडलं होतं.

दुपारी शिवलेलं पायपुसणं घरी ठेवून, काकांना घेऊन त्या केंद्राकडे निघाल्या. पूल आला, पूल गेला. उतारावर आल्यावर काकांनी डाव्या हाताने खिशातून फोन काढून मुलाला लावला.

"रविवारी तुझ्या मित्राला आणू नकोस," ते म्हणाले. "गाडी विकायची नाही." पलीकडून काहीतरी प्रश्न आला असावा. "तिला विचार. गाडी तिची आहे."

काकू समोर बघत राहिल्या. त्यांना नीट दिसेना, म्हणून त्यांनी पदराने डोळे पुसले.

व्यायाम करून काका दमले होते. परतीच्या वाटेवर काकूंनी त्यांना काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. बघतात तर काका झोपलेले. नोकरीत असल्यापासून त्यांची खोडच होती ती, दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत त्यांचा डोळा म्हणून लागत नसे. आता त्यांची मान खिडकीकडे कलली होती आणि तोंड जरासं उघडं होतं.

घराचं वळण आलं. काकूंनी ते जाऊ दिलं आणि गाडी हळूच सरळ नेली.