रानगुलाबाचा तांबेरा

मी एक जुनं भिंग आहे. हसू नका मित्रांनो! कोटाच्या बटणाएवढा का असेना, पण माझ्यातून पाहिलेली पानं मला अजून स्वप्नात दिसतात. एका म्हाताऱ्या कारागिराने मला घासून घडवलं आणि मी मावशींच्या गळ्यात आलो. त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. सगळे त्यांना मावशीच म्हणत.

रानातल्या झाडांवरचा तांबेरा, म्हणजे पानांवर वाढणारी नारिंगी बुरशी, ओळखणं हे आमचं काम. पानाच्या पाठीवर काय काय उमललेलं असायचं! कुठे झालरीच्या कडांच्या इवल्या वाट्या, कुठे नुसती मोकळी भुकटी. मी तासन्‌तास हरवून जायचो. मावशींचा शब्द म्हणजे शेवटचा, असं लोक म्हणत. खरं सांगायचं तर आम्ही दोघंही जरा चढून गेलो होतो.

एकदा एका शेतकऱ्याने पाकिटातून त्याच्या बांधावरच्या झुडपाचं एक सुटं पान पाठवलं. त्याच्या गव्हावर तांबेरा पडला होता. तो या काटेरी झुडपांवरून आला का, असं त्याने विचारलं होतं. पान वाटेत चुरगळलं होतं, भुकटी पुसली गेली होती. मावशींनी मला डोळ्याला लावलं आणि "हाच तो गव्हावर जाणारा तांबेरा, झुडपं काढून टाका," असं कळवून मोकळ्या झाल्या. मला तरी कुठे काय नीट दिसलं होतं! पण मीही गप्प बसलो.

पुढे मन खाऊ लागलं, तेव्हा त्या स्वतः गेल्या. बांध बोडका झाला होता. विहिरीपाशी एकच झुडूप उरलं होतं आणि शेतकरी कुदळ घेऊन उभा होता.

मावशी गुडघ्यांवर बसल्या. मी पानापाशी गेलो. अहाहा, नारिंगी धुकंच! गव्हावर जाणाऱ्या तांबेऱ्याच्या वाट्या नाहीत, झालर नाही. मोकळी भुकटी आणि मधूनमधून काळे ठिपके. झुडूप रानगुलाबाचं होतं. त्याचा तांबेरा गव्हावर जातच नाही. मावशी शेतकऱ्याकडे वळल्या.

"दादा, थांबा. चुकलं माझं."

"अहो मावशी, तुमच्या शब्दावर अख्खं कुंपण उपटलं मी!"

"झाड न बघताच बोलले हो. पण याला तरी हात लावू नका."

शेतकऱ्याने कुदळ खाली ठेवली. मला डोळ्याला लावून तो बराच वेळ पानात पाहत राहिला.

"एवढं सगळं होतं यात?" तो हळूच म्हणाला. "आणि मी बाकीचं जाळून टाकलं."

मित्रांनो, मला पुसायला विसरलात तरी चालेल. पण पानाचा रोग सांगण्याआधी त्याच्या झाडापर्यंत चालत जा. तेवढी पायपीट आम्ही टाळली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.