मठ्ठ घोणस

कांदाचाळीत साठवलेल्या कांद्याला पाणी सुटलं होतं, आणि ओट्यावर सापाच्या अकलेवरून भांडण जुंपलं होतं.

"नागाला अक्कल हाय," कारभारी मांडीवर थाप मारून म्हणाला. "फणा काढून सांगतो, बाबा, बाजूला हो. घोणस म्हंजे निव्वळ मठ्ठ. पाय पडंस्तवर जागची हलत नाय."

"धामण लय हुशार," शेजारचा पुंजा म्हणाला. "चाहूल लागली का पसार. जीव वाचवायला कळतं, तीच खरी अक्कल."

कारभाऱ्याची बायको कुसाबाई पायरीवर बसून ऐकत होती. दोन वर्षांमागं घोणस चावल्यापासून तिच्या उजव्या हाताची मूठ वळत नव्हती. नाशिकच्या दवाखान्यातून ती कशीबशी माघारी आली, तेव्हापासून येणारा-जाणारा तिला सापाचं ज्ञान देऊन जायचा. तिचे कान किटले होते.

आज सकाळी सून संध्या चाळीत साप दिसला म्हणून पाटी टाकून पळाली होती. सर्पमित्र मनमाडकडं गेलेला, दुपारशिवाय येणार नव्हता. भादव्याची दमट हवा. सडक्या कांद्याचा वास पार ओट्यापर्यंत येत होता.

"कांदा निवडायचा कोणी?" कुसाबाईनं विचारलं.

"आगं, आधी कोणता साप हाय ते तर कळू दे!"

ती उठली आणि चाळीच्या दाराशी गेली. आत काही दिसेना. तेवढ्यात आवाज आला. फुस्सऽऽ. लांबलचक, थांबेचना.

घोणस चावली त्या दिवशी मक्यात गवत काढताना हाच आवाज आला होता. ठिबकची नळी फुटली असं समजून तिनं गवतात हात घातला होता.

म्हंजे त्या घोणशीनंबी सांगितलं होतं तर.

कुसाबाई सावकाश मागं सरकली. कारभारी काठी घेऊन धावत आला. "घोणसच ना? आता बघतोच तिच्याकडं!"

"ठिवा ती काठी."

"आगं, तुला चावली व्हती ना?"

"त्या टायमाला तिनं आवाज दिला व्हता. मला वाटलं, नळी फुटली." ती खाली बसली. "आता तुमचा वाद पुरे करा. मी दमले."

कारभारी तिच्याकडं बघतच राहिला. घोणस कशी चावली, हे दोन वर्षांत त्यानं तिला कधी धड विचारलंच नव्हतं. त्यानं काठी कुडाला टेकवली.

दुपारी सर्पमित्र आला. आकडा लावून त्यानं घोणस बरणीत घातली. पुंजाला राहवलं नाही. "दादा, सगळ्यात हुशार साप कोणता वो?"

त्यानं घाम पुसला. "काय ठाऊक! मला चारदा चावलेत. माझ्यापरीस सगळेच हुशार म्हणायचे."

तो गेल्यावर कारभाऱ्यानं पाटी उचलली. आतला कांदा आणून तो कुसाबाईपुढं ओतू लागला. निम्माशिम्मा मऊ झाला होता. थोड्या वेळानं तोही तिच्याशेजारी टेकला.

"नळीवानीच वाटलं व्हय?"

"व्हय."

त्यानं ढिगातले कांदे तिच्या डाव्या हाताकडं सरकवले. कुसाबाईनं डाव्या हातानं एक कांदा उचलला, दाबून पाहिला, फेकला, आणि दुसरा उचलला.