राहून गेलेला निरोप

मनस्वी जाऊन पाच आठवडे झाले होते, आणि त्या रविवारी भर उपासनेत पास्टर सत्यजीत उजागरे यांना तिचा आवाज ऐकू आला.

नवीन पनवेलमधल्या एका इमारतीत खाली टाइल्सचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावरचा हॉल मंडळीनं भाड्यानं घेतला होता. प्लॅस्टिकच्या साठ-सत्तर खुर्च्या, तीन पंखे, एक कीबोर्ड. गीत संपलं तसे पास्टर पुढे आले आणि या मंडळीतल्या अकरा वर्षांच्या सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "देव चांगला आहे!"

"सदासर्वकाळ!" सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिलं.

हॉल शांत झाला. त्या शांततेत, सगळ्यांच्या मागे राहिलेला एक बारीक आवाज आला. "सदासर्वकाळ."

पास्टरांची नजर तिसऱ्या रांगेकडे गेली. भिंतीकडच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. दुसऱ्या कुणीही मान वळवली नव्हती. कीबोर्डवरची इरा पुढच्या गीताचं पान शोधत होती. पास्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि प्रवचन सुरू केलं. पण त्या दिवशी काय बोललो, हे संध्याकाळी त्यांना आठवेना.

मनस्वी घरत आठ वर्षांची होती. तिची आई निशा तीन वर्षांपूर्वी शेजारणीबरोबर पहिल्यांदा उपासनेला आली आणि पुढच्या वर्षी तिनं बाप्तिस्मा घेतला. सासरचे लोक आगरी, मूळचे शेतकरी. विमानतळासाठी गाव उठला तेव्हा सगळ्यांबरोबर तेही नव्या वसाहतीत राहायला आले. निशाचा नवरा हरेश द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डात ट्रेलर चालवायचा. त्याला देवाधर्माचं विशेष काही नव्हतं. सासरे काशीराम आपल्या गावदेवीला मानणारे. पण "सून देवाचाच नाव घेतं ना, मंग घेव दे," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला होता. मनस्वी आईचा हात धरून यायची. सगळ्यांनी उत्तर दिलं की ती आधी ऐकून घ्यायची आणि मग एकटीच म्हणायची. लोक हसायचे. पास्टर कौतुकानं म्हणायचे, "आमची मनस्वी देवाला पुन्हा एकदा आठवण करून देते."

मग तिला ताप येऊ लागला. अंगावर निळे डाग दिसू लागले. रक्ताचा कर्करोग निघाला. मंडळीनं उपवास धरले, आळीपाळीनं रात्रंदिवस साखळी प्रार्थना केल्या. सात महिने हॉस्पिटलच्या वाऱ्या झाल्या. शेवटी एका गुरुवारी दुपारी वॉर्डाबाहेरच्या बाकावर निशानं पास्टरांना विचारलं, "देवानं तुम्हाला काही सांगितलं का?"

तिचे डोळे असे होते की त्यांना नाही म्हणवलं नाही.

"सांगितलंय," ते म्हणाले. "मनस्वी उठेल. घरी येईल."

देवानं त्यांना काहीही सांगितलं नव्हतं. अकरा दिवसांनी मनस्वी गेली.

घरी लोक जमले होते तेव्हा पास्टर निशाजवळ बसले आणि त्यांच्या तोंडून तेच निघालं, जे आजवर कितीतरी घरांत निघालं होतं. "देवाला त्याच्या बागेत हे फूल हवं होतं, निशाताई."

निशानं मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "त्याच्याकडे फुलं कमी होती का?" तिनं विचारलं. त्यानंतर ती उपासनेला आली नाही, आणि तेही तिच्याकडे गेले नाहीत. प्रत्येक आठवड्याला काही ना काही काम निघत गेलं. निदान स्वतःला ते तसंच सांगत राहिले.

दुसऱ्या रविवारी तो आवाज पुन्हा आला. मग तो रविवारपुरता राहिला नाही. हॉलचा जिना चढताना, सकाळी प्रार्थनेला गुडघे टेकल्यावर, एकदा तर भाजी मार्केटात कुणीतरी कुणाला हाक मारली त्याच्या मागोमाग. आवाजात तक्रार नव्हती. ती जिवंतपणी म्हणायची तसाच, भाबडा, खात्रीचा. तेच पास्टरांना सहन होत नव्हतं. कुणी शिव्याशाप दिले असते तर ते समजू शकले असते. ही पोर मात्र मेल्यावरही देव चांगला असल्याची साक्ष देत होती, आणि ज्यानं तिला ते शिकवलं तो कानांवर हात ठेवत होता. चौथ्या रविवारी त्यांनी ते वाक्य उच्चारलंच नाही. थेट प्रार्थनेला सुरुवात केली. काही जणांनी चमकून पाहिलं.

त्या दुपारी जेवताना त्यांनी कुमुदला, आपल्या बायकोला, सगळं सांगितलं. वॉर्डाबाहेरचं खोटंही.

कुमुदनं हातातला घास ताटात ठेवला.

"आपलं बाळ गेलं तेव्हा तुम्ही मला बायबलमधली किती वचनं वाचून दाखवली होती, आठवतं?" ती म्हणाली.

बत्तीस वर्षांत त्या बाळाचा विषय त्या घरात निघाला नव्हता. मुलगा होता. दोन दिवस जगला होता.

"तुला धीर यावा म्हणून..."

"सहा वाचलीत. मी मोजत होते. मला वाटत होतं, वाचन संपलं की हे रडतील. मग आपण दोघं मिळून रडू. पण तुम्ही ते पुस्तक मिटलंत आणि बाहेर लोकांना भेटायला गेलात." तिच्या आवाजात राग नव्हता, ती फक्त जुनी गोष्ट सांगत होती. "निशाकडे जा. आणि काही वाचून दाखवू नका."

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास ते वसाहतीत गेले. काशीराम ओट्यावर जाळ्याची गाठ मारत बसले होते. जमीन गेली तरी खाडीवर जायची त्यांची सवय गेली नव्हती.

"या पाष्टर," म्हाताऱ्यानं सतरंजीकडे बोट केलं. "लय दिसांनी."

"यायला उशीर झाला, काका."

"व्हय, झाला." काशीराम जाळ्याकडेच बघत होते. "पोरीसाठी मी आमच्या देवीला सांगितला. तुमी तुमच्या देवाला सांगितला. दोगांनी बी आयकला नाय." त्यांनी दातांनी दोरा तोडला. "मंग मी कोनावर रागावू? यकट्या देवीवर रागावलो आसतो तर सून म्हनली आसती, माजा देव बरा. आता दोगंय सारकीच."

निशा आतून आली. तिनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिली. ती वाळली होती.

"निशाताई, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"आधी मी सांगते," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी सकाळी मनस्वीनं मला विचारलं, आई, मी मरणार हाय का गो? तिला कळलं होतं. पोरांना कळतं. मी म्हटलं, नाय गो, पास्टरांना देवानं सांगितलंय, तू घरी येणार. ती म्हणाली, पण मला तुला एक सांगायचं होतं. मी म्हटलं, घरी गेल्यावर सांग. आता दमू नको." निशानं दाराची चौकट घट्ट धरली. "काय सांगायचं होतं तिला? मी ऐकूनसुद्धा घेतलं नाही. निरोप कसा घेणार? निरोप घेतला असता तर माझा विश्वास कमी पडला असता ना! आणि दुपारी ती गेली."

जाळ्यावरचे काशीरामांचे हात थांबले. हे त्यांनाही माहीत नव्हतं.

पास्टरांना वाटलं, आता उठून पळून जावं. समोरच्या तांब्याला हात लावायचीही त्यांची हिंमत झाली नाही.

"देवानं मला काही सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. तुम्ही माझ्याकडे पाहत होतात आणि मला नाही म्हणवलं नाही. तेवढंच."

निशा त्यांच्याकडे बघत राहिली. शेजारच्या घरात टीव्हीवर कुणीतरी हसत होतं.

"म्हणजे शब्द देऊन त्यानं फिरवला नाही," ती हळूच म्हणाली.

"नाही. शब्द माझा होता."

"दोन महिने मी त्याला शिव्या घालतेय. उठता-बसता. म्हणतेय, तू माझ्या पोरीला फसवलंस." तिचा आवाज चढला. "ते तुम्ही होतात!"

"हो."

"आणि तो? तो काय करत होता? तुम्ही खोटं बोललात, ते बोललात. पण पोरगी तर गेलीच ना? तो गप्प का बसला?"

इथे द्यायची उत्तरं पास्टरांना पाठ होती. तीस वर्षं त्यांनी ती दिली होती. ती सगळी ओठांपर्यंत आली आणि त्या घरात त्यांतलं एकही उच्चारता येईना.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "येशूनंही क्रुसावर हेच विचारलं होतं, मला का सोडलंस म्हणून. त्यालाही वरून उत्तर आलं नाही. माझ्याकडे एवढंच आहे, निशाताई. ज्याला मी देव म्हणतो त्यालाही हा प्रश्न पडला होता, आणि तो विचारत विचारत मेला. त्याच्यापुढचं, तो उठला ते, मी मानतो. अजूनही मानतो. पण त्यानं तुमचं..."

वाक्य पुरं झालं नाही. ते रडू लागले. म्हाताऱ्या माणसासारखे, खांदे हलवत, आवाज न करता. मनस्वीसाठी, आणि मधेच त्यांच्या लक्षात आलं की त्या दोन दिवसांच्या मुलासाठीही. निशा तिथेच उभी होती. तिनं समजूत काढली नाही. थोड्या वेळानं ती खाली बसली आणि तीही रडली. मनस्वी गेल्यापासून काशीरामांनी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

निघताना ती म्हणाली, "शांतीकाकूंनाही तुम्ही असंच सांगितलंय ना?"

शांती म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी एक, प्रभाकर रणपिसे, यांची पत्नी. पोटाचा कर्करोग. पास्टरांनी मान डोलावली.

"मग त्यांना सांगा. रविवारी. सगळ्यांसमोर."

रविवारी त्यांनी सांगितलं. कागदावर काही लिहून आणलं नव्हतं. निशाचं नाव न घेता, पण बाकी काही न लपवता सांगितलं. मागच्या रांगेतलं एक कुटुंब उठून निघून गेलं. प्रभाकर रणपिसे ताडकन उभे राहिले. निवृत्त मुख्याध्यापक, आवाज खणखणीत.

"लोकांचा विश्वास मोडायला उभे राहिलात का, पास्टर? माझ्या शांतीला तुम्ही शब्द दिलाय!"

"तोही माझाच होता, सर. मला क्षमा करा. मी रोज प्रार्थना करतो आणि करत राहीन. पण त्या बऱ्या होतील की नाही, मला माहीत नाही."

प्रभाकर काही बोलणार तेवढ्यात शेजारून शांतीबाईंनी त्यांच्या शर्टाची बाही ओढली. डोक्याला सुती रुमाल बांधलेला, चेहरा पिवळट.

"बसा हो," त्या म्हणाल्या. "मला केव्हापासून माहीत आहे. तुमच्याशी बोलायचं होतं, तुम्ही बोलू देत नव्हतात."

प्रभाकर बसले. मग सगळ्यांच्या देखत त्या खणखणीत आवाजाच्या माणसानं बायकोचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. त्या दिवशी प्रवचन झालंच नाही. पास्टरांनी कान देऊन वाट पाहिली, पण तो आवाज आला नाही. पुढच्या रविवारी आला. त्यानंतर कधी यायचा, कधी नाही. तो जावा अशी प्रार्थना मात्र पास्टरांनी केली नाही.

निशा उपासनेला आली नाही. नाताळच्या आधी एका सकाळी तिचा फोन आला. "आम्ही खाडीवर चाललोय. तिला सोडलं तिथे. तुम्ही येता का? बोलू नका काही. नुसते या."

ओहोटी लागली होती. चिखल लांबवर उघडा पडला होता आणि पलीकडे उड्डाणपुलाचे खांब धुक्यात उभे होते. मनस्वीच्या अस्थी काशीरामांनी इथेच सोडल्या होत्या. हरेश ट्रेलर यार्डात लावून तसाच आला होता, कपड्यांना ग्रीसचे डाग. चौघं बांधावर उभे राहिले. निशा एकटी उतरून पाण्याच्या कडेपर्यंत गेली. घोट्यापर्यंत पाय रुतले.

"मने," तिनं हाक मारली. आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "मना म्हाईत नव्हता गो. मी तुला खोटा सांगितला. तुला काय सांगाचा व्हता, ता मी आयकला नाय. आता सांग. मी आयकतंय."

ती वाकून उभी राहिली, मूल कानात काही सांगतंय अशी. पाणी संथ होतं. एक बगळा चिखलातून दोन पावलं चालला आणि थांबला. पास्टरांना काहीही ऐकू आलं नाही. निशाला आलं की नाही, हे तिनं पुढेही कधी कुणाला सांगितलं नाही. पण ती बराच वेळ तशीच वाकून होती, आणि मधे एकदा तिनं मान हलवली.

मग ती म्हणाली, "बरा. जा आता." आणि वळली.

चिखलानं तिची एक चप्पल धरून ठेवली होती. हरेश उतरला, हात घालून ती उपसू लागला, आणि काशीराम वरून ओरडले, "आर, सावकाश! पट्टा तुटंल!"