अकॉर्डियनवाल्याचं समन्स

लघुवाद न्यायालयात बेलिफ म्हणून लागून तिला सहा महिने झाले होते. समन्स घेऊन दारोदार हिंडायचं, माणूस गाठायचा, कागद हातात द्यायचा आणि पोच म्हणून सही घ्यायची, एवढंच काम. पण समन्स म्हटलं की भलेभले घरातल्या घरात गायब होतात, हे तिला एव्हाना ठाऊक झालं होतं.

हा वाद्यदुरुस्तीवाला तर सगळ्यांवर कडी करत होता. एका संगीतशिक्षिकेने वडिलांचा अकॉर्डियन त्याच्याकडे दुरुस्तीला टाकला होता. आठ महिने झाले, तरी वाद्य नाही, फोनला उत्तर नाही. त्याने ते परस्पर विकलं असणार, असं ठरवून बाईंनी दावा लावला. बेलिफबाई दोनदा जाऊन बेल वाजवून आली होती. दार काही उघडलं नाही.

“तिसऱ्यांदा नाही उघडलं, तर दारावर डकवून ये,” कचेरीतले साहेब म्हणाले. “किती वेळ घालवायचा एका माणसापायी?”

म्हणून ती या खेपेला डिंकाची बाटली घेऊनच गेली. बेल वाजवली, दार ठोठावलं. शेजारचा कुलूपवाला आपल्या दुकानातून म्हणाला, “आत आहे तो. मुद्दाम उघडत नाही. हल्ली रस्त्यात हाक मारली तरी ओळख दाखवत नाही. शिष्टपणा आलाय अंगात.”

तिने बाटलीचं झाकण काढलं. तेवढ्यात कुलूपवाल्याच्या हातून लोखंडी पेटी फरशीवर आदळली. ती स्वतः दचकली, गल्लीतलं मांजर पळालं. खिडकीच्या काचेतून मात्र आतला म्हातारा पाठमोरा दिसत होता, आणि त्याच्या हातातली कानस जराही थांबली नाही.

ती थबकली. तिने बाटली बंद केली आणि बाजूच्या बोळातून दुसऱ्या खिडकीशी, त्याच्या समोर जाऊन हात हलवला. म्हाताऱ्याने वर पाहिलं आणि घाईघाईने दार उघडलं.

“तुम्हाला ऐकू येत नाही का, काका?” तिने सावकाश, ओठ स्पष्ट हलवत विचारलं.

त्याने आधी गल्लीत पाहिलं, मग तिला आत घेतलं. “दीड वर्ष झालं. कुणाला सांगितलं नाही. सूर लावणारा बहिरा झाला, हे कळल्यावर माझी पायरी कोण चढेल?”

अकॉर्डियन टेबलावरच होता. नवा भाता, घासूनपुसून लख्ख केलेल्या कळा. सूर तेवढे लावायचे राहिले होते. रोज आज जमेल, उद्या जमेल, म्हणत तो बसून होता.

तिने समन्स पुढे केलं. “सल्ला देणं माझं काम नाही. पण तारखेला आला नाहीत, तर निकाल एकतर्फी लागेल. तुमचं कुणी ऐकूनच घेणार नाही.” बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

म्हातारा हसला. “फिट्टंफाट होईल मग.”

“अहवालात लिहू का, ऐकू येत नाही म्हणून? कोर्ट काहीतरी सोय करेल. तुम्ही नको म्हणालात, तर नाही लिहिणार.”

त्याने समन्स टेबलावर सपाट केलं. मग सही करून म्हणाला, “लिहा. लपवून लपवून जीव मेटाकुटीला आलाय.”

तारखेला तो अकॉर्डियन छातीशी धरून आला. न्यायाधीशबाईंनी अहवाल वाचलेला होता. त्यांनी प्रश्न कागदावर लिहून दिले, त्याने तोंडी उत्तरं दिली. संगीतशिक्षिका आल्या होत्या तावातावाने, पण वडिलांचं वाद्य पाहून त्यांचा आवाज खाली आला.

“मला आधी सांगायचं होतंत,” त्या त्याच्याकडे तोंड करून म्हणाल्या.

“लाज वाटली, बाई.”

त्यांनी पट्टा खांद्यावर चढवला आणि एकेक कळ दाबून पाहिली. पाचव्या कळेला त्यांचं तोंड वाकडं झालं. म्हातारा त्यांच्या चेहऱ्याकडेच पाहत होता.

“ही ना? चढलीय की उतरलीय?”

बाईंनी बोट खाली दाखवलं. त्याने खिशातून पेन्सिल काढून कळेवर खूण केली आणि पुढच्या कळेकडे बोट नेलं. सहावी, सातवी. कोर्टाचं भान दोघांनाही उरलं नाही. दाराशी पुकाऱ्यासाठी उभ्या असलेल्या बेलिफबाईने साहेबांकडे पाहिलं, तर तेही चष्मा कपाळावर चढवून बघत होते.

न्यायाधीशबाईंनी शेवटी टेबलावर टकटक केली आणि महिन्यानंतरची तारीख दिली.

तोवर दर रविवारी बाई त्याच्याकडे जाऊन बसल्या. कान त्यांचे, हात त्याचे. पुढच्या तारखेला दोघं एकत्रच आले आणि दावा मिटल्याचा अर्ज दिला.

सही करून म्हातारा बेलिफबाईजवळ आला. “आता जाऊ ना? बाईंच्या शाळेतली दोन वाद्यं खोलून ठेवलीत, आणि त्या एक वाजता येणार आहेत.”

“जा की,” ती म्हणाली. तो जिना उतरूनही गेला होता, एकेक पायरी गाळत.