टोपीमागचं राखीव पाणी

उत्तरेच्या बर्फाळ किनाऱ्यावरच्या कुयानाक गावात मासा कुठे मिळाला असं कुणी कुणाला विचारत नाही, आणि विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं. "टोपीमागे." खाडीच्या तोंडाशी पाद्र्याच्या टोपीसारखा एक काळा खडक आहे, त्याच्यामागे. तिथे तळाला नुसते गोटे आहेत आणि मांजरसुद्धा हुंगणार नाही असे काटेरी, मोठ्या तोंडाचे मासे. पण गावात आजवर आलेला प्रत्येक हॅलिबट, तो मोठा चपटा चविष्ट मासा, टोपीमागेच मिळालेला आहे. बापाने दाखवलेली जागा आपण फक्त पोटच्या पोरांना दाखवायची. बाकी जगासाठी टोपी. याला कुणी खोटं म्हणत नाही. "कसं काय?" विचारलं की गुडघा ठणकत असतानाही "बरंय" म्हणतो ना माणूस, तसंच ते.

अशा गावाला खरं बोलायला लावायचं काम फेव्रोनियाने अंगावर घेतलं, तेव्हा गावातले म्हातारे सोफ्रोनकाका चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "पोरी, त्यापेक्षा सीलला जपमाळ ओढायला शिकव. सोपं जाईल."

पण करणं भाग होतं. हॅलिबट दरवर्षी आक्रसत चालला होता. मासेमारी खात्याच्या कचेरीने बोटींचा कोटा कापला, पुढच्या वर्षी पुन्हा कापला. तसतशा मोठ्या बोटी डिझेल वाचवायला लांबचं पाणी सोडून किनाऱ्यालगत दोर टाकायला लागल्या. हजार हजार गळांचे दोर. आणि गावातल्या होडीवाल्यांना घरच्या खाण्यापुरते तीस गळ. फेव्रोनिया सत्तावन्न वर्षांची, विधवा, खांद्याने अधू. तिची होडी छोटी, इंजिन त्याहून छोटं. तिला परवडेल इतक्या अंतरावर एकच जागा होती: समुद्राच्या तळावरचा बाबांचा उंचवटा. बाबांनी ती दोघांनाच दाखवली होती, तिला आणि धाकट्या भावाला, लावरेंतीला. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात फक्त मरियमच्या सणाला मासा चालतो. त्या दिवशी गावातल्या सहा म्हाताऱ्यांच्या ताटात जो हॅलिबट पडायचा तो या उंचवट्यावरचा. गालाचं मऊ मांस दात नसलेल्यांना, पाठीचा तुकडा बाकीच्यांना. उंचवटा गेला तर सणाला भात आणि कोबी.

कचेरीचं म्हणणं साधं होतं. गावाजवळचं काही पाणी मोठ्या बोटींना बंद करू. कुठलं ते तुम्हीच सांगा. प्रत्येक घराने नकाशावर आपली जागा दाखवायची, पाकीट चिकटवून पाठवायचं, नाव कुणाला कळणार नाही. नकाशावर चौकोन पाडलेले होते; ज्या चौकोनात निदान दोन घरांची खूण पडेल तो राखीव. एकट्यादुकट्या खुणेवर कायदा करता येत नाही.

फेव्रोनिया गावातल्या बाकी सातही घरी फिरली. कुठे माशाचं सारण भरलेला पिरोक खाल्ला, कुठे शिव्या. "एकदाच," ती हात जोडून सांगत होती, "आयुष्यात एकदाच खरं लिहा. वाटल्यास दुसऱ्या दिवशी पाद्र्याकडे जाऊन कबुली द्या." सगळ्यांनी माना डोलावल्या.

लावरेंतीची तिला काळजी नव्हती. तो तिच्याच स्वयंपाकघरात, तिनेच वाढलेलं सूप ओरपत बसला होता.

"लावा, आपली दोन घरं. तू तीच खूण कर, मी तीच करते. झाला आपला चौकोन."

"तू सांगायला हवंस का ताई?" त्याने ब्रेडने वाटी पुसली. "बाबांची शपथ."

"शपथ नको घेऊस. खूण कर."

"करतो गं बाई! सूप दे अजून."

जानेवारीत कचेरीतली तरुण बाई छोट्या विमानाने आली. गावच्या हॉलमध्ये तिने भिंतीवर नकाशा लावला आणि कौतुकाने म्हणाली, "इतकं एकमत मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिलं नाही!"

नकाशावर टोपीमागे खुणांचं मोहोळ बसलं होतं. दक्षिणेला लांब, पोरकी, एकच खूण.

कुणी कुणाकडे बघेना. सोफ्रोनकाकांना ठसका लागला. बाई विमानात बसून गेली आणि मग हॉल जो फुटला हसत! "गोटे राखीव! आता गोट्यांची वीण वाढेल बघा!" "काटेरी माशांनो, मजा करा रे, सरकार पाठीशी आहे!" सोफ्रोनकाका डोळे पुसत म्हणाले, "फेवा, मी पेन खऱ्या जागेवर टेकवलं होतं गं, देवाशपथ. हात आपला आपण टोपीकडे गेला."

फेव्रोनियाही हसली. पोट दुखेपर्यंत हसली. आपल्याच माणसांवर चिडायचं तरी किती? मग हसता हसता तिने सहज मोजलं. घरं आठ. टोपीमागे खुणा सात.

बाहेर बर्फात तिने लावरेंतीला गाठलं. "तूसुद्धा?"

त्याने कानटोपी खाली ओढली. "सवय गं ताई. सोफ्रोनकाकांचं झालं तेच."

तिने त्याच्याकडे पाहिलं. अगदी बाबांसारखं नाक, थंडीने लाल झालेलं. तिला आठवलं, खूण करताना तिचंही पेन आधी टोपीकडेच वळलं होतं. इतक्या पिढ्यांची सवय एका कागदाने जाते थोडीच! तिने त्याचा मफलर नीट केला.

"हरकत नोंदवायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. दुसऱ्या घराने सही करून तीच जागा दाखवली तर अजून घेतील. कागद मी भरते, तू फक्त सही कर."

"आण की. कधीही आण."

ती कागद घेऊन गेली तेव्हा तो आपल्या मोठ्या बोटीच्या पोटात इंजिन उघडून बसला होता, हात तेलाने बरबटलेले. "कागद खराब होईल गं." दुसऱ्यांदा गेली तर तो शहरात. तिसऱ्यांदा तापाने पडलेला. तिने सुपाचं पातेलं ठेवलं आणि कागद तसाच परत आणला. तापातल्या माणसापुढे पेन काय धरायचं? शेवटच्या आठवड्यात तो आपणहून आला.

"दे इकडे. सही करतो आणि विमानात मीच देतो. पायलट माझ्या ओळखीचा आहे. तुझा खांदा आधीच दुखतोय, बर्फातून कशाला जातेस?"

केवढं बरं वाटलं तिला! त्या संध्याकाळी तिने शेजारणीला सांगितलंसुद्धा, भाऊ असावा तर असा.

मार्चमध्ये हंगाम उघडला आणि कचेरीची यादी आली. राखीव पाणी: टोपीमागचं. एवढंच. तिने फोन लावला. पलीकडची बाई दिलगीर झाली. हरकतीचा कागद त्यांच्याकडे पोचलाच नव्हता.

"विमान," लावरेंती म्हणाला. "त्या दिवशी हवा कशी होती आठवतंय ना? टपाल कुठे उतरवलं असेल देव जाणे."

तिला आठवत होतं. हवा स्वच्छ होती. पण हवा काय, वर डोंगरात वेगळी असते. आठ दिवस तिने त्या विमानासाठी डोंगरात वारा आणला, धुकं आणलं, एकदा तर पायलटला दारू पाजली. भावाला खोटा ठरवण्यापेक्षा हवामान बदलणं तिला सोपं गेलं.

सणाच्या तीन दिवस आधी समुद्र शांत झाला. सकाळी उजाडल्यावर ती निघाली. तीस गळ, आमिषाला खारवलेलं हेरिंग, थर्मासमध्ये चहा. बाबांनी शिकवलेल्या खुणेप्रमाणे मागच्या शिखराचं टोक चर्चच्या निळ्या घुमटावर येऊन बसलं. डावीकडे सुळक्यामागून धबधब्याची पांढरी रेघ दिसली. तिने इंजिन बंद केलं.

समोर दोराच्या टोकाचा तरंगता बोया होता. नारिंगी, त्यावर हिरवा पट्टा आणि बोटीचा नंबर. थोडं पुढे दुसरा. दोन दोर, बाबांच्या उंचवट्यावर आडवे.

तो हिरवा पट्टा लावरेंतीने तिच्याच अंगणात मारला होता. रंग कमी पडला तेव्हा तिनेच आपल्या खिडकीचा उरलेला डबा दिला होता.

होडी हलत राहिली. तिला आता सगळं एका सरळ रेषेत दिसत होतं, शिखर आणि घुमट दिसतात तसं. पाणी राखीव झालं असतं तर लावरेंतीच्या बोटीलाही बंद झालं असतं. कोटा कापलेला, डिझेल महाग, आणि घरापासून अर्ध्या तासावर बाबांनी ठेवलेला मासा. सात घरांनी खोटं सांगितलं ते सवयीने. त्या सातांत एकाने मात्र विचार करून सांगितलं होतं, आणि सवयीच्या सहा खोट्यांमध्ये ते बेमालूम मिसळून गेलं होतं. ताप खरा असेलही. सूप त्याने संपवलं होतं.

चाकू हाताशी होता. दोर कापायला क्षण लागला नसता. पण दुसऱ्याचा दोर कापणाऱ्याला कुयानाकमध्ये कुणी मयतीलाही बोलावत नाही, आणि तिलाही ते बरोबरच वाटायचं. शिवाय हे कापले तर त्याने नवे टाकले असते; दोन आठवड्यांत उंचवटा खरवडून झाला असता, कापले काय नि न कापले काय.

तिने वायरलेस उचलला. सकाळच्या वेळी सगळ्या गावाचे कान त्याला लागलेले असतात.

"मी फेव्रोनिया बोलतेय. सगळ्यांनी ऐका. हॅलिबट इथे आहे. मागच्या शिखराचं टोक चर्चच्या घुमटावर घ्या. डावीकडे सुळक्यामागून धबधबा दिसला की थांबा. अडतीस वाव खोल पाणी. माझ्या बाबांची जागा आहे. होड्या घेऊन या, सणाचा मासा काढून घ्या. नाहीतर उरणार नाही."

वायरलेस खरखरला. मग एकदम हसण्याचा लोंढा आला.

"वा, फेवा! धबधबासुद्धा घातलास!"

"पुढच्या वेळी टोपी म्हण गं, पटेल तरी!"

"उपासाने डोकं फिरलंय बाईचं!"

तिने बटण दाबलं. "अहो, खरं सांगतेय मी."

हे तर आणखीच मजेचं झालं. कुयानाकच्या वायरलेसवर असं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. आणि त्या हसण्यातून एक ओळखीचा, जाडसर आवाज वर आला.

"ताईला आज विनोद सुचतायत," लावरेंती म्हणाला. तोही हसत होता. "तिकडे काही नाही रे. लहानपणापासून बघतोय मी. नुसता चिखल. डिझेल जाळू नका उगाच."

फेव्रोनियाने कान वायरलेसपासून लांब नेला. लपवलेला कागद तिने एक वेळ गिळला असता. पण ज्या जागेवर बाबांनी त्याचे इवलेसे हात धरून त्याला पहिला मासा ओढायला लावला, त्या जागेला तो गावासमोर चिखल म्हणाला. तेही हसून, तिला वेडी ठरवून. आणि हे सगळं एका दमात, जराही न अडखळता.

तिने गळांना हेरिंग लावायला घेतलं. बोटं बधिर होती. एक गळ अंगठ्यात घुसला, तो काढला. हिरव्या पट्ट्यांपासून बाजूला सरून तिने आपली तीस गळांची दोरी सोडली आणि बसून राहिली. चहा प्यायचं लक्षातच आलं नाही.

वायरलेसवर दुसऱ्या गप्पा सुरू झाल्या होत्या. कुणाची गॅसकेट, कुणाची सून. मग मध्येच सोफ्रोनकाकांचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

"फेवा."

"बोला काका."

"तुझा बाप मरायला टेकला तेव्हा मी विचारलं होतं त्याला. शेवटच्या दिवशी. कुठे मिळायचे रे तुला एवढे? टोपीमागे, म्हणाला." आता कुणी हसत नव्हतं. "किती वाव म्हणालीस?"

तिने हिरव्या पट्ट्यांकडे पाहिलं. पलीकडे भाऊही ऐकतच असणार.

"अडतीस," ती म्हणाली. "नांगर पश्चिमेच्या अंगाला टाका, काका. पूर्वेला लावाचे दोर आहेत."