रात्रीची मांडवी गाडी

तुळसाने मांडवीतल्या आपल्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी नीटनेटक्या केल्या त्याला वर्ष होत आलं, पण पाहुणे काही येईनात. मुंबईची गाडी रत्नागिरी स्टँडवर यायची रात्री साडेदहाला आणि मांडवीची शेवटची बस आठलाच गेलेली असायची. नवखा माणूस त्या वेळी समुद्राकडे कशाला फिरकतोय? स्टँडसमोर कुठेतरी रात्र काढायचा आणि सकाळी पसार! या मे महिन्यातही खोल्या ओस राहिल्या, तर कुलूप लावून परळला मुलाकडे जायचं, असं तिने ठरवलं होतं. पण तिथे तिला झोप कुठली लागायला? चाळीस वर्षं लाटांच्या आवाजात झोपलेली बाई ती.

म्हणून तिने डेपोचे उंबरे झिजवले. अखेर साहेबांनी हात टेकले आणि पावणेअकराची मुक्कामी बस दिली, पण आठ रात्रींच्या बोलीवर. माणसं बसली तर चालू, नाहीतर बंद.

सात रात्री गाडी मांडवीला रिकामी आली.

"अरे, मुंबईची गाडी तर भरून येते. मग माणसं जातात कुठं?" तिने कंडक्टर लवूला विचारलं.

"येतात की. चालत," लवू म्हणाला आणि जांभई दिली.

आठव्या रात्री ती स्वतः स्टँडवर जाऊन बसमध्ये बसली. साहेबही येऊन बसले होते. मुंबईची गाडी लागली. सुट्टीला आलेल्या आपापल्या नातलगांना न्यायला मांडवीतून घरटी एक माणूस हजर होता. पाहुणा एकटा दारात आला तर यजमानाची लाज जायची ना! बॅगा डोक्यांवर चढल्या, विचारपूस सुरू झाली आणि सगळी वरात बोलत बोलत मांडवीच्या रस्त्याला लागली. शेवटी साताऱ्याचं एक जोडपं, न्यायला कोणीच नसलेलं, तेही त्यांच्यामागे निघालं. आणि या सगळ्यांच्या मागून शिवा ड्रायव्हरची बस, मोठे दिवे लावून, बैलगाडीच्या चालीने!

तुळसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शिवा, हे काय चाललंय?"

"वैनी, रस्त्यात खड्डे हायत, बरोबर पोरंबाळं हायत. ठेचकाळतील ना!"

"अरे बाबा, तू फुकटात कंदील धरल्यावर गाडीत कोण बसेल?"

शिवाचा चेहरा पडला. सात रात्रींत हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं. "पन अंधारात टाकून मी पुढं नाय जायाचा," तो पुटपुटला. तुळसाला रागावताही येईना. खरंच होतं त्याचं.

तिने पुढे पाहिलं. वरातीच्या मधोमध गावातले म्हातारे आप्पा तांडेल चालले होते आणि सगळे त्यांना चिकटून. बुरोंडीच्या खडकावर आपली होडी कशी अडकली, ते आप्पा रंगवून सांगत होते. तुळसा धावत खाली उतरली आणि तिने त्यांचा हात धरला.

"आप्पा, गुडघे दुखतात ना? चढा वर."

"आनि गोष्ट?"

"ती खिडकीतून सांगा."

आप्पा चढले, खिडकीशी बसले आणि शिवाने जरा वेग वाढवला. मागे एकच ओरडा झाला. "ओ आप्पा, मग होडीचं काय झालं?" माणसं धावली, बस थांबली, सगळी वरात आत घुसली. लवूला तिकिटं फाडता फाडता घाम फुटला आणि साहेब दांड्याला लोंबकळत उभे राहिले.

मांडवी आली तेव्हा साताऱ्याच्या पाहुण्याने विचारलं, "इथं राहायची सोय कुठं होईल?"

तुळसाने तोंड उघडायच्या आत अख्खी बस ओरडली, "तुळसाकडं!"

तिचे डोळे भरून आले. "साहेब, उद्याची गाडी?" तिने भीत भीत विचारलं.

"गाडी चालूच राहणार, बाई," साहेब म्हणाले. "आता दुसरी खोली मोकळी असली तर मला द्या. परतीची बस सकाळी आहे आणि आप्पांची होडी अजून खडकावरच आहे."

दुसऱ्या दिवशी तुळसाने परळला कार्ड टाकलं: मी येत नाही, तूच ये. रात्र झाली तरी हरकत नाही, गाडी आता घरापर्यंत येते.